धाकट्याचा आवाज

चौदा वर्षं मी सात वर्षांचा मुलगा होते. माझं खरं वय एकोणपन्नास, उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि चष्म्याशिवाय स्क्रिप्टमधला काना-मात्रा दिसत नाही. पण एका कार्टून मालिकेतल्या कुटुंबात जो धाकटा मुलगा आहे, त्याचा आवाज माझा. मालिका मराठी, बनते पुण्यातच, आणि इतकी वर्षं चालली आहे की ती बघत वाढलेली मुलं आता नोकऱ्यांना लागली आहेत. कुटुंबात बाबा, आई, कॉलेजात जाणारी ताई, खुर्चीत बसून सगळ्यांना टोमणे मारणारे आजोबा आणि हा धाकटा. तो दुसरी ‘ब’मध्ये आहे. पहिल्या सीझनला होता, चौदाव्यालाही आहे. दर सीझनला एका भागात त्याची परीक्षा होते, तो कसाबसा पास होतो आणि पुढच्या सीझनला पुन्हा दुसरी ‘ब’.

लेखकांचा नियमच तसा. कोणाचं वय वाढायचं नाही, आणि एका भागात जे मोडेल ते पुढच्या भागात जोडलेलं असायचं. धाकट्यानं टीव्ही फोडला, गव्हाच्या डब्यातून आजोबांची कवळी गिरणीत गेली, ताईच्या लग्नाची बोलणी फिसकटली, काहीही होवो, पुढच्या आठवड्यात सगळं जागच्या जागी. मला हा नियम फार आवडायचा. इतकी वर्षं त्यात राहिलं की माणूस घरातही तशीच अपेक्षा करायला लागतो.

आमच्या कामाची पद्धत इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. लोकांना वाटतं, चित्रं आधी तयार होतात आणि आम्ही त्यांवर बोलतो. खरं उलटं आहे. आधी आवाज, मग चित्र. सीझन सुरू होताना आम्ही सगळे एका मोठ्या टेबलाभोवती बसून भाग वाचतो. वाचता वाचता जो तो आपापल्या घरच्या गमती सांगतो आणि लेखक त्या निमूटपणे टिपून घेतात. मग एकेकानं काचेच्या खोलीत जाऊन बोलायचं. समोर छोटा कॅमेरा असतो. बोलताना आपली भुवई कुठे गेली, हात कुठे गेला, हे चित्रं काढणारी मुलं त्यात बघतात आणि तसंच काढतात. थोडक्यात, धाकटा जे जे करतो ते आधी मी केलेलं असतं. आणि मी जे केलं ते सगळं माझ्या मुलीचं होतं.

हे काम मिळालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो, नवरा तिथल्या फॅक्टरीत. दिवसभर ती माझ्या मागे मागे असायची. काही सांगायचं असलं की आधी तीन वेळा म्हणायची, ‘‘आई, ऐक ना, ऐक ना, ऐक ना,’’ आणि मी मान वर केली की काय सांगायचं तेच विसरायची. थाप मारायची असली की डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची. मोठा शब्द आला की मध्येच श्वास घेऊन उरलेला अर्धा घाईघाईनं संपवायची. निवडचाचणीच्या दिवशी दिग्दर्शकानं विचारलं, ‘‘मुलगा कसा बोलेल?’’ तेव्हा मी विचार वगैरे काही केला नाही. कानाची पाळी धरली आणि तिच्यासारखं बोलले. काचेपलीकडची माणसं हसली, काम मिळालं.

मग मी रीतसर चोरी सुरू केली. मसाल्याच्या खणात एक वही ठेवली. ती काही बोलली की पिठाच्या हातानं लिहून ठेवायचं. तिलाही तेव्हा मजा वाटायची. टीव्हीवर धाकटा बोलायला लागला की उड्या मारायची, ‘‘हे माझंय, हे माझंय.’’ हळूहळू धाकटा आमच्या घरातला चौथा माणूस झाला. औषध प्यायचं नसलं की धाकट्यानं समजूत घालायची. नवराबायकोत धुसफूस झाली की हे हॉलमधून म्हणायचे, ‘‘धाकट्या, आईसाहेबांना विचार, आज चहा होणार आहे का?’’ मी धाकट्याच्या आवाजात उत्तर द्यायची आणि भांडण तिथेच संपायचं. मला वाटायचं, किती सोपं आहे हे. स्वतः माफी मागायला नको, स्वतः रागवायला नको, सगळं त्यानं करायचं.

ती बारा वर्षांची असताना आम्ही धायरीला फ्लॅट घेतला. वर्षाच्या मध्येच शाळा बदलली. एक दिवस ती दुपारी घरी आली, दप्तर खाली टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी सहा तासांचं रेकॉर्डिंग करून आले होते आणि ओट्याशी पाठमोरी मेथी निवडत होते. ती म्हणाली, ‘‘आजपासून माझ्याशी कोणी बोलणार नाहीये. त्यांनी ठरवलंय.’’

मी वळलेसुद्धा नाही. आवाज गळ्यात तयारच होता, दिवसभर तोच लावला होता. मी धाकट्याच्या आवाजात म्हटलं, ‘‘मग मी बोलतो ना!’’

हॉलमध्ये हे मोठ्यांदा हसले. मी मागे बघितलं तोवर ती आत गेली होती. मला वाटलं, जमलं, हसली असेल. इतका गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि केला तेव्हा मला तो गाढवपणा वाटलाही नाही. म्हणून तर पुढच्या सीझनच्या वाचनाला मी ती गंमत टेबलाभोवती सांगितली. सगळे हसले. लेखकानं मान खाली घालून लिहून घेतली.

वाक्य गाजलं. मालिकेत कोणी जरा तोंड पाडून बसलं की धाकटा कुठूनतरी उगवणार आणि म्हणणार, ‘‘मग मी बोलतो ना!’’ लोकांना त्याचं वेड लागलं. कपांवर छापून आलं. स्वारगेटला एका रिक्षाच्या मागे मी ते स्वतः वाचलं आणि अभिमानानं फोटो काढला. शाळेतल्या मुली ती वर्गात आली की एका सुरात ते म्हणायच्या, हे मला वर्षभरानं कळलं, तेही यांच्याकडून. तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं. त्या मेथीच्या दिवसापासून तिनं मला काहीही सांगणं बंद केलं होतं.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायची नाही. ‘‘हो.’’ ‘‘नाही.’’ ‘‘जेवले.’’ ‘‘येते.’’ आठ वर्षं मी या चार शब्दांवर काढली. वडिलांना सगळं सांगायची. दार ओढून घेतलेल्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि मी पाणी द्यायच्या निमित्तानं आत गेले की विषय बदलायचा. गेल्या वर्षी ती सिंहगड रस्त्यावर स्कूटरवरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले, आणि ते मला कळलं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं तेव्हा, ‘‘आता बरी आहे ना हो मुलगी?’’ मला सांगितलं होतं की पिंपल फोडलं म्हणून पट्टी आहे. पट्टी दाखवताना तिनं कानाची पाळी धरली होती का, ते मी बघितलं नव्हतं. पण दुखायचं तिथे दुखलंच. रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना म्हणून मी त्या दिवशी घरातली सगळी भांडी पुन्हा घासली.

वहीत भर पडायची थांबली होती. मला काम करायचं तर सात वर्षांचं मूल पाहिजे, आणि माझं मूल वीस वर्षांचं होऊन मुकं झालेलं. मग मी सोसायटीच्या बागेत बाकावर जाऊन बसायची, दुसऱ्यांची मुलं ऐकायची. एका आजींनी मला दोनदा विचारलं, ‘‘आपला कोणता यातला?’’ तिसऱ्या वेळी मी उठून आले.

चौदाव्या सीझनचं काम सुरू झालं आणि तिसऱ्या भागाला माझा आवाज घसरला. वरचा सूर लावला की खाली यायचा. दिग्दर्शक नुसता काचेतून बघत राहिला आणि मग माइकवर म्हणाला, ‘‘ताई, धाकट्याला मिसरूड फुटलंय.’’ सगळे हसले, मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर तोच वरचा सूर मनात लावून बघत राहिले. या वयात बायकांचा आवाज उतरतो हे मला माहीत होतं. फक्त ते दुसऱ्या बायकांबद्दल माहीत होतं.

त्यानंतरचे चार महिने मी एका जागी बसले असेन असं मला आठवत नाही. सकाळी उठल्या उठल्या बाथरूमचं दार लावून आधी म्हणायचं, ‘‘आई, ऐक ना.’’ तो आला की दिवस बरा. नाही आला की वाफ, मध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, पुन्हा वाफ. चहा सोडला. दही सोडलं. फोडणीला मिरच्या टाकायच्या असल्या की मी गॅलरीत आणि हे ओट्याशी, नाकाला रुमाल लावून. संध्याकाळी घरात गुदमरायला व्हायचं म्हणून कालव्याच्या कडेनं चालत सुटायची. चालताना वाक्यं पुटपुटायची, समोरून माणूस आला की फोन कानाला लावायची. एकदा फोन उलटा धरला होता, तेही समोरच्या माणसानंच खुणेनं दाखवलं.

मुलगी हे सगळं बघत होती. सकाळी बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभी असायची आणि आतून सहा वर्षांची ती स्वतः ओरडत असायची. मी बाहेर आले की ती माझ्याकडे न बघता आत जायची. तेव्हा मला वाटायचं, हिला घाई आहे.

कसंबसं बारा भाग झाले. तेरावा शेवटचा. त्यात बाबांची बदली होणार, घर आवरायला काढतात, सामानाची खोकी भरतात आणि शेवटी बदली रद्द होते. एका प्रसंगात मालिकेतली आई खोक्यांच्या मध्ये एकटी बसते आणि म्हणते, ‘‘या घरात माझ्याशी कोणी बोलतच नाही.’’ धाकटा खोक्यातून डोकं बाहेर काढतो. पुढचं वाक्य लेखकांनी छापलेलंसुद्धा नव्हतं. नुसत्या टिंबटिंबांची ओळ होती, कारण ते मला पाठ असणार.

पहिला टेक बरा होता, पण दिग्दर्शकाला अजून कोवळा पाहिजे होता. सातव्याला मी स्वतःच थांबवलं. बाराव्याला पाणी प्यायले. हेडफोनमधून मालिकेतली आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, माझ्याशी कोणी बोलतच नाही, आणि मला ती रेकॉर्ड केलेली बाई वाटेना. एकोणिसाव्या टेकला ‘बोलतो’वर आवाज दुभंगला. मी पुन्हा तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मग दिग्दर्शक म्हणाला, ‘‘चहा घेऊ या आपण,’’ आणि त्याच्या लक्षात आलं की मी चहा घेत नाही.

डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्राला सूज होती. पंधरा दिवस संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. त्यांनी कागदावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ह्यांनी तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. दिग्दर्शकानं निरोप पाठवला की एका वाक्यासाठी थांबतो, तोपर्यंत बाकीचं काम चालू देत.

बोलायचं नाही म्हटल्यावर घर किती बोलतं ते कळलं. कुकर, पंखा, वरच्यांची खुर्ची. मी वही-पेन घेऊन फिरायला लागले. हे माझ्याशी मोठमोठ्यानं बोलायचे, जणू मी बहिरी झाले आहे. दूधवाला, गॅसवाला, बहीण, सगळ्यांचे फोन मुलीनं घ्यायचे. मी लिहून द्यायची आणि ती वाचायची, ‘‘आई म्हणते की डॉक्टर चांगले आहेत.’’ इतके शब्द तिच्या तोंडून माझ्या समोर कित्येक वर्षांनी येत होते, आणि ते सगळे माझेच होते.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते. ती पाणी प्यायला आली, पाणी प्यायली, आणि गेली नाही.

‘‘तुला खरंच काहीच बोलता येत नाही?’’

मी मान हलवली.

‘‘कुठल्याच आवाजात?’’

मी पुन्हा मान हलवली. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

‘‘म्हणजे तो येणार नाही.’’

तेव्हा मला कळलं. आठ वर्षं मी विचारत होते, हिला झालं काय, आणि उत्तर इतकं सरळ होतं. ती तोंड उघडायला घाबरत होती, कारण उत्तर कोण देईल ते तिला माहीत नसायचं. मी नाही म्हणून मान हलवली. इतकी जोरात की चष्मा घसरला.

ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि मटार सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘तुझ्या आमटीत हल्ली मीठ कमी असतं.’’ एवढंच. पण मला ती दुपार अजून मिनिट न मिनिट आठवते.

दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटरवरून पडल्याचं सांगितलं. ब्रेक नाही लागला, खडी होती, एका भाजीवाल्या बाईनं उचललं आणि टोमॅटो वेचायच्या आधी हिची हनुवटी पुसली. तिसऱ्या दिवशी कॉलेज. प्रोजेक्टमधला पार्टनर वर्ध्याकडचा आहे. सबमिशनच्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन केला तर म्हणाला, ‘‘काऊन टेन्शन घेऊन राहिली तू? मी येऊन तर राहिलो.’’ तिनं त्याचा आवाज असा हुबेहूब काढला की मला हसू फुटलं, आवाज न करता हसताना डोळ्यांत पाणी आलं. आणि माझा हात पेनाकडे गेला.

ती थांबली. ‘‘लिहू नकोस.’’

मी तर फक्त वहीचं पान उलटणार होते, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मी ‘येऊन तर राहिलो’ लिहिणारच होते. मी पेन खाली ठेवलं. तिनं उठून ते उचललं आणि फ्रिजवर नेऊन ठेवलं, मागे, जिथे माझा हात पोचत नाही. मग परत येऊन बसली आणि पुढचं सांगितलं. त्यानंतर ती सांगत असताना माझे दोन्ही हात टेबलावर असायचे.

दहावा, अकरावा, बारावा दिवस. ती कॉलेजातून आली की मी दारातच. बूट काढेपर्यंत मला धीर नसायचा. स्वयंपाक आधीच उरकून ठेवायची, टेबलावर काहीतरी सोलायला, निवडायला काढून ठेवायची, कारण रिकाम्या हातानं ती बोलत नाही हे ध्यानात आलं होतं. आणि बोलायला लागली की मला दुसरंच खायला उठायचं. तारीख. फ्रिजकडे बघायचं नाही असं ठरवायचं आणि दर वेळी बघायचं.

पंधरा दिवस गुरुवारी संपले. सकाळी बाथरूमचं दार लावून मी नळ सोडला आणि हळूच म्हटलं, ‘‘हं.’’ आवाज आला. जाड, खालचा, कोणातरी अनोळखी बाईचा. मी घसा साफ केला, कानाची पाळी धरली आणि म्हटलं, ‘‘मग मी बोलतो ना.’’

तो आला. जरा बारीक होता, पण तोच होता, कुठेही न चिरकता. चार महिने ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो समोर उभा राहिला, आणि मी नळ मोठा केला.

बाहेर आले तर दिग्दर्शकाचा निरोप आलेला. उद्या या, एकच वाक्य आहे. नाही जमलं तर शनिवारी जुन्या सीझनमधलं उचलून लावतो, मग पुढचं पुढे बघू. ‘पुढचं पुढे’ म्हणजे काय ते मला समजत होतं. दुसऱ्या बायकांच्या चाचण्या आधीच चालू होत्या. एक वाक्य बोलून दाखवलं असतं तर अजून एखादा सीझन धाकटा माझा राहिला असता. मी फोन हातात घेऊन हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून ओट्यापाशी, पुन्हा हॉलमध्ये अशी किती वेळ फिरले कोण जाणे. बोलले तर धाकटा राहील. बोलले तर संध्याकाळी टेबलाशी ती खुर्ची रिकामी. शेवटी टाइप केलं, ‘आवाज अजून नाही. आणखी आठवडा लागेल.’ पाठवलं तेव्हा माझा डावा हात कानाशी होता. त्याला मी मुद्दाम नेलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी जुना आवाज लावला. आता पंधराव्या सीझनला दुसरी कोणी आहे. चांगली आहे म्हणतात.

गुरुवारपासूनच्या त्या तीन दिवसांत मी घरात एक शब्द बोलले नाही. हे विचारायचे, मी घशाकडे बोट दाखवायची. फसवणूक होती, आणि मला तिची लाजही वाटत होती. पण सांगू कोणाला? मुलगी रोज येऊन बसत होती.

रविवारी मी मेथी आणली. मुद्दाम नाही, बाजारात तीच बरी होती. ती समोर बसली, एक काडी हातात घेतली आणि पानं खुडता खुडता म्हणाली, ‘‘त्या दिवशी पण मेथीच होती.’’

मी मान वर केली.

‘‘मला अजून सांगायचं होतं तेव्हा. तू ऐकलंसच नाहीस.’’ ती जुडीकडे बघून बोलत होती. ‘‘वर्गातल्या त्या तिघी माझ्याशी का बोलणार नव्हत्या माहितीये? मी सांगितलं होतं, टीव्हीवरचा धाकटा म्हणजे माझी आई आहे. आणि तो माझ्यासारखा बोलतो, मी त्याच्यासारखी नाही. त्या म्हणाल्या, खोटारडी. कायपण फेकते. मग मी म्हटलं, आणते आईला उद्या.’’ तिनं श्वास घेतला, शब्दाच्या मध्येच घेतला, आणि उरलेलं घाईघाईनं संपवलं. ‘‘मी तुला बोलवायला आले होते शाळेत. त्यांच्यासमोर तो आवाज काढ म्हणून. आणि तू तो माझ्यावरच काढलास.’’

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं, हिला धाकट्याचा राग आहे. तिला त्याचा अभिमान होता. ती त्याला न्यायला आली होती, आणि मी मागे न वळता त्याला तिच्या अंगावर सोडलं. मला रडू आलं. आवाज दाबून रडताना घसा दुखायला लागला, खराखुरा.

तिनं ओट्यावरचा नॅपकिन माझ्यापुढे सरकवला.

‘‘आणि आई, तुझे पंधरा दिवस गुरुवारीच संपलेत. मला तारीख वाचता येते. आणि बाथरूमचं दार म्हणजे काही भिंत नाही, सगळं ऐकू येतं.’’

मी नॅपकिन तोंडावर धरला.

‘‘तो येतोय ना परत? मग गेली का नाहीस शुक्रवारी?’’

मी तिच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिनं त्या बोटाकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं. पानं खुडत राहिली. मला वाटलं, आता उठेल. चार शब्दांतला एखादा म्हणेल आणि जाईल.

‘‘बोल मग,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या आवाजात.’’

मी तोंड उघडलं. त्या जाड, खालच्या आवाजाची मला स्वतःलाच सवय नव्हती, आणि त्यात काय बोलायचं याची तर नव्हतीच. जे आलं ते म्हटलं.

‘‘चुकलं माझं.’’

ती जरा दचकली. ‘‘असा आहे होय तुझा आवाज,’’ ती म्हणाली. मग जुडीतल्या उरलेल्या काड्या दोघींमध्ये अर्ध्या अर्ध्या केल्या, माझा वाटा माझ्याकडे सरकवला आणि पुढे झुकली.

‘‘आई, ऐक ना.’’